अर्ध्या मिलीमीटरचे काप

हॉस्पिटलच्या लॅबसाठी काप काढायचं नवं मशीन कुठलं घ्यायचं, हे ठरवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. हृदयाच्या स्नायूचे जाड काप हवे होते, अर्ध्या मिलीमीटरचे. मेणातल्या ठोकळ्याचं मशीन केसाहून बारीक कापतं, ते बाद. गोठवून कापणाऱ्याने बर्फाची भोकं पाडून नुसती वाट लावली. तिसरं थरथरत्या पात्याचं. त्याने बकऱ्याचं हृदय लोण्यासारखं कापलं.

"ताई, डोळे मिटून हेच घ्या," माझा सहकारी म्हणाला.

मी डोळे मिटून काहीच घेत नाही. पण चाचणीत तेच पास झालं.

घाई माझीच होती. माझा भाऊ सहा वर्षांपूर्वी चालता-बोलता गेला. त्याच्या हृदयाचा पाच मिलीमीटर जाडीचा एकच तुकडा फॉर्मलिनमध्ये उरला होता. आता त्याची मुलगी त्याच दुखण्याने वरच्या मजल्यावर पडून होती. बापाच्या तुकड्यात कारण सापडलं, तरच तिच्यावर उपचार होणार होता.

सोमवारी दोन काप काढले. उरलेला तुकडा मोजला. पाच मिलीमीटर. माझंच चुकलं असेल म्हणून पट्टी बदलली. पाचच.

संध्याकाळी भाचीची सोनोग्राफी झाली. हृदयाची भिंत नऊ मिलीमीटर होती, ती आठ भरली. मापात थोडं इकडेतिकडे व्हायचंच, असं मी वहिनीला ठणकावून सांगितलं. तिने बिचारीने मान डोलावली.

बुधवारी आठ काप काढले. तुकडा पाच मिलीमीटर. आणि हे काप फॉर्मलिनमधल्यासारखे करडे नव्हते. गुलाबी होते. हातमोज्यातूनही कोमट लागत होते.

दुपारी वर गेले. भिंत चार मिलीमीटर.

"आत्या, आतून कुणीतरी सोलतंय गं मला," भाची म्हणाली.

मी बोटांवर हिशेब केला. दहा काप, पाच मिलीमीटर.

दाराशी डॉक्टर भेटले. "कारण अजून दिसत नाही. आणखी आठ काप लागतील. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

"आणि काढले तर?"

"म्हणजे?"

काय सांगणार, कपाळ माझं!

तिथूनच लॅबला फोन लावला. "मशीन बंद कर. त्या तुकड्याला हात लावू नकोस."

सहकारी भलताच खुशीत होता. "अहो ताई, डॉक्टरांचा निरोप आला होता. म्हटलं, तुम्ही दमलात, आपणच उरकावं. आठही काढले, एकदम झकास. आणि गंमत सांगू? तुकडा अजून पाचच मिलीमीटर आहे."