हातभर पायरी

गोष्ट खरी आहे, पोरांनो, तापीमाईची आण. मागच्या खेपेला मी ती डोळ्यांनी पाहिली म्हणालो होतो. ते सोडा, तेव्हा मी घरी झोपलो होतो. पण ज्याच्यावर बेतली त्या रूपचंदला मी ओळखायचो. सांगायची लाज वाटते, तरी ओळखायचो.

कळसाडीचा हा रूपचंद बासष्ट साली दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घ्यायला गेला. सदऱ्याला चांदीची बटणं, मिशीला तेल. त्याची आई गजराबाई तेव्हा चार महिने शहाद्याच्या आरामघरात होती. विहिरीवर पडून तिचा खुबा मोडला होता. धुळ्याच्या दवाखान्यातून सुटलेल्या म्हाताऱ्यांना तिथं ठेवून पुन्हा चालायला शिकवत. तिथला शांतीलाल ज्याच्या घरी जेवढी पायरी, तेवढीच विटांची बांधायचा. ती चढली की माणूस घरी.

"तुमची पायरी केवढी?" त्यानं रूपचंदला विचारलं होतं.

पायरी होती वीतभर. पण आईच्या खोलीत रूपचंदनं नवं तेलाचं इंजिन आणून ठेवलं होतं. त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला.

"आमनी पायरी इतली उंच नही शे, भाऊ," गजराबाई म्हणाली.

"माय, तू चूप बैस. पडनी तैपासून तुले काही याद ऱ्हास नही."

शांतीलालनं रूपचंदच्या इस्त्रीच्या टोपीवर विश्वास ठेवला. म्हातारी रोज पाय उचलायची. अर्ध्यात थरथरायचा. खाली यायचा.

तर घोडी घेऊन परतताना शहाद्यात चहावाल्या दगानं लगाम धरला. "रूपचंदभाऊ, तुन्ही माय सांजले गई. शांतीलालभाऊ तुलेच धुंडी ऱ्हायना."

"सकायले येसू," रूपचंद म्हणाला. "घोडी थकनी शे."

घोडी थकली होती! आणि हा गडी घरी येऊन खिचडीवर तूप ओढून जेवला, घोंगडी ओढून झोपला.

बारा वाजून गेले. लख्ख पौर्णिमा. बाहेर घोडी फुरफुरली... मग गप्प.

पाऊल.

घासत आलं. दाराशी थांबलं. पाय उचलताना धाप... फार उंच उचललेला पाय...

थप्. दारावर.

"कोण शे?"

...

"माय?"

थप्.

यात्रेत घोड्यांचे जबडे उघडून दात मोजणारा मर्द इंजिनामागे जाऊन बसला. उजाडेपर्यंत.

सकाळी दाराच्या फळीवर, हातभर उंचीवर, पांढरं पाऊल. धुतलं. निघेना.

आता कबूल करतो. दगाचा निरोप मी गोष्ट सांगताना रचलेला. गजराबाई त्या रात्री मेलीच नव्हती. आरामघरात खाटेवर होती, आणि पुढं सहा वर्षं त्याच पायरीशी झटत राहिली. माप चुकलं होतं, एवढं सांगायलाही रूपचंद गेला नाही.

पाऊल मात्र मी घातलेलं नाही. नाहीतर विडीचं थोटूक जपून ठेवणाऱ्या त्या माणसानं अख्खं सागवानी दार फोडून चुलीत कशाला घातलं असतं?