वाचवलेला गुडघा

“सफरचंद कापून देऊ?” ताईने विचारलं.

“दे की! कापण्यात तुझा हात कोण धरणार!” चाकाच्या खुर्चीतून धाकटा भाऊ म्हणाला, आणि आई डोळ्यांना पदर लावून चटकन आत निघून गेली.

युद्ध संपून आठ महिने झाले होते. आघाडीवरच्या त्या तंबूत ताई एकटीच सर्जन, आणि जखमींच्या रांगेतून स्ट्रेचरवर आला तो तिचा पाठचा भाऊ! त्याचा पाय तिने स्वतःच्या हातांनी कापला... तेव्हापासून एका छपराखाली राहूनही ती त्याला परकी झाली होती. स्वतःची बाजू मात्र तिने एका शब्दानेही मांडली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

दुपारी कृत्रिम पायाचं माप द्यायला दोघं कारखान्यात गेली. म्हातारा कारागीर मोठा बडबड्या. पण पट्टी सोडताच गप्प झाला. व्रणावरून त्याने अंगठा फिरवला.

“गुडघा ठेवलाय! अहो, लढाईच्या धांदलीत मांडीतून कापून मोकळे होतात, वीस मिनिटांचं काम. इथे कुणीतरी दीड तास जीव ओतलाय. नाचालसुद्धा तुम्ही... आधी येत असेल तर!”

भाऊ हसला नाही. दीड तास! आणि बाहेर केवढी रांग...

“रांगेत माझ्यामागे एक सुतार होता,” तो हळूच म्हणाला. “पोटात गोळी लागलेला. मला आत नेईपर्यंत विनोद सांगत होता. त्याचं काय झालं?”

ताई सोडलेली पट्टी गुंडाळू लागली.

“मी बाहेर आले तेव्हा... गेला होता. वीस मिनिटांत आटपलं असतं तर वाचला असता रे! सर्जनला कळत होतं, पण बहीण आडवी आली. मग कोणत्या तोंडाने सांगू, तुझा गुडघा मी वाचवला म्हणून?”

कारागीर चहाचं निमित्त काढून बाहेर सटकला.

“आठ महिने एकटीने गिळलंस हे?” भावाने तिचा हात घट्ट धरला. “त्याच्या घरी कोण आहे?”

“आई. चारदा पत्र लिहिलं, चारदा फाडलं.”

“पाय बसला की जाऊ. मी सांगेन तिला.”

“दार लावून घेईल ती तोंडावर...”

“घेऊ दे, ताई. दोघं उभी राहू बाहेर.”