सगळ्यात मोठं गिऱ्हाईक

"आणि आता मी कुणाचं नाव घेणार, हे तुम्हाला सांगायला नकोच!" असं म्हणून धाकट्यानं हात पुढे केला, आणि त्याच्या बैठकीच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळल्या.

त्या खुर्चीत त्याची थोरली बहीण बसली होती. सगळा मोहल्ला तिला ताईच म्हणायचा.

"माझी ताई! दिवसभर सलूनमध्ये उभी राहून लोकांचे केस कापते, आणि तरीही आपल्या साखळीत सगळ्यात जास्त माल हिचाच खपतो. हिला जमतं, मग तुम्हाला काय अवघड आहे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई हसली... हसावंच लागलं. पण त्यातली एकेक टाळी तिच्या काळजावर घणासारखी पडत होती. कारण त्या भरल्या खोलीत एकट्या तिलाच ठाऊक होतं, की धाकट्याच्या कंपनीची साधी साबणाची वडीसुद्धा तिनं आजवर कुणाला विकली नव्हती!

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा धाकटा शाळेत जाणारं पोर होतं, आणि ताईनं नुकती कुठे कात्री हातात धरली होती. तिनं लग्नाचा विषय पुढे ढकलला, आणि ढकलता ढकलता तो विषयच घरातून निघून गेला. धाकटा लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला, चांगला कारागीर झाला, वेगळं बिऱ्हाड करून संसाराला लागला. ताईला वाटलं, आपण कृतार्थ झालो.

मग एके दिवशी कामावर अपघात झाला. चूक धाकट्याची नव्हती, चौकशीतही तसंच ठरलं. पण त्याच्या जोडीदाराचा हात गेला, तो त्याच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून लिफ्टच्या दारापाशी गेलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. त्यानं काम सोडलं आणि घरी बसला... भिंतीकडे तोंड करून. बायको बोलली तरी हं, ताई बोलली तरी हं.

अशात ती कंपनी आली. साबण, क्रीम, केसांची तेलं. आपण विकायचं, हाताखाली माणसं जोडायची, त्यांनी आणखी माणसं जोडायची, आणि खालच्या प्रत्येकानं उचललेल्या मालातला थोडाथोडा वाटा वर चढत जायचा. ताईला त्यातलं गणित फारसं कळलं नाही. पण धाकट्यानं कितीतरी महिन्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आरशात बघून शीळ घातली, तेवढं तिला बरोबर कळलं. गेलेलं माणूस परत आल्यासारखं झालं होतं घरात! मग त्याच्या साखळीतलं पहिलं नाव ताईचं लागलं, यात नवल ते काय?

तिनं विकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. क्रीमची नळी तिनं सलूनच्या बेसिनपाशी ठेवली होती. एक बाई केस धुवायला आली, डोकं मागे टाकून, डोळे मिटून स्वस्थ पडली. ताईनं तोंड उघडलं... आणि जीभ रेटेना. ही बाई आपली मान निर्धास्तपणे माझ्या हातात देऊन पडली आहे, आणि मी तिच्या कानाशी लागून माल खपवू? तिनं नळी मुकाट्यानं पिशवीत टाकली. पण महिनाअखेरीस ताईच्या नावावर माल उचलला गेला नाही, तर धाकट्याची पायरी खाली येणार होती, आणि खाली आलेला धाकटा तिला पुन्हा बघवणार नव्हता. तिनं सगळा माल स्वतःच घेतला. 'एवढाच महिना,' ती मनाला म्हणाली. पुढच्या महिन्यातही तेच म्हणाली. खोकी पलंगाखाली गेली, पलंगाखालची जागा संपली तशी कपाटावर चढली.

कोपऱ्यावर एक रिकामा गाळा होता. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि दारावर आपली पाटी... कित्येक वर्षं ताई त्या गाळ्यासमोरून जाताना पाऊल हळू टाकायची. त्यासाठी पै पै जोडत आली होती. मालकाशी बोलणंही झालं होतं. एक दिवस ती त्याला म्हणाली, "माझं काही जमेलसं दिसत नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा." आणि घरी येऊन त्याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलली नाही.

त्या बैठकीनंतर त्याच आठवड्यात, दुपारच्या सामसुमीला, मागच्या गल्लीतली शिंपीणबाई सलूनमध्ये आली. धाकट्याच्या साखळीत ती नवीनच होती. खुर्चीत टेकली, पण ताईनं अंगावर कापड टाकलं तसा तिचा हात धरून म्हणाली,

"केस नाही कापायचे हो. मला तुमच्याकडून शिकायचंय."

"काय शिकायचंय?"

"विकायला! तुम्हाला बघूनच यात पडले ना मी. म्हटलं, ही आपल्यासारखीच हातावर पोट असलेली बाई, खोट्यानाट्यातली नाही. हिला जमतं तर आपल्याला का नाही? घरातलं दुसरं मशीन विकून माल भरला. सख्ख्या बहिणीला हाताखाली घेतलं. आता बहीण माझ्याशी बोलत नाही, शेजारणी मला बघून दार लावून घेतात... माझ्यातच काहीतरी खोट असणार, ताई. तुम्ही गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगता, तेवढं मला सांगा ना!"

आरशात दोघींचे चेहरे एकाखाली एक दिसत होते. ताई त्या खालच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. आपण भावासाठी जळतो आहोत, असं तिला इतके दिवस वाटत होतं, आणि त्यात तिला एक प्रकारचं समाधानही होतं. पण त्या जळण्याचा उजेड बघून भलतेच जीव येऊन पडत होते, इकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं! अरे देवा... हे कसलं पुण्य बांधलं आपण?

"मी काहीच सांगत नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एकही वस्तू विकलेली नाही मी. सगळा माल माझ्या घरी पडून आहे."

शिंपीणबाईनं अंगावरचं कापड काढलं, सवयीनं नीट घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवलं.

"मग परवा टाळ्या वाजल्या, तेव्हा का नाही बोललात?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी ताईनं धाकट्याला आणि त्याच्या बायकोला घरी बोलावून घेतलं. चहा झाला. मग ती खाली बसली आणि पलंगाखालून एकेक खोकं बाहेर ओढू लागली. धाकटा आधी हसला. "एवढा साठा? ताई, तू तर गोदामच काढलंस की!" मग खोकी येतच राहिली, आणि त्याचं हसू मावळत गेलं. एकाही खोक्याची पट्टी फाडलेली नव्हती.

"हे काय आहे?"

"हे माझं गिऱ्हाईक," ताई म्हणाली. "तुझ्या साखळीतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मीच आहे रे. दुसरं कुणी नाही."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तू... तू मला खोटं पाडलंस! सगळ्यांसमोर मी तुझं नाव घेतो आणि तू..."

"चुकलंच माझं. पण आता तू त्या लोकांना माझं नाव सांगू नकोस. शिंपीणबाई मशीन विकून बसली आहे."

"मग त्यात माझा काय दोष? कंपनी नोंदलेली आहे, पावती मिळते, माल अस्सल आहे. कायद्यात बसतं सगळं. कुणाच्या डोक्यावर मी बंदूक धरलीय का?"

"माल अस्सलच आहे, बाळा. पण तो कुणाला तरी हवा आहे का? वरच्याची पायरी टिकावी म्हणून खालच्यानं घ्यायचा, आणि खालच्याला वर यायचं म्हणून त्यानं आणखी खाली कुणाला तरी ओढायचं... सगळ्यात खाली जो राहील, त्यानं कुणाकडे बघायचं? तुला खोटं वाटत असेल तर मला नको विचारूस. तुझ्या माणसांना विचार. बाहेरच्या माणसाला किती विकलं, एवढंच विचार."

"तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही!" तो ओरडला.

तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "ताई, तो कोपऱ्यावरचा गाळा... तुम्ही घेणार होतात ना? परवा तिथं कुणीतरी दुसऱ्यानंच दुकान थाटलेलं दिसलं."

ताईनं मान खाली घातली. तिच्यासमोर खोक्यांची रास होती. बायकोनं तोंडावर हात ठेवला. आणि धाकटा चपला तशाच अडकवून, दार उघडं टाकून निघून गेला.

तो बरेच दिवस आला नाही. ताई सलूनमध्ये जाई, केस कापी, घरी येई. मन व्याकूळ व्हायचं, की पुन्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला असेल तर? पण या वेळी ती त्याच्या दाराशी गेली नाही. न जाणं हे तिला आजवरच्या सगळ्या त्यागांपेक्षा जड गेलं.

धाकटा मात्र बसला नव्हता. आधी तो साखळीतल्या आपल्या वरच्या साहेबांकडे गेला. ते हसून म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या जागी दुसरी दोन माणसं जोडा, झालं!" धाकटा तसाच उठला. मग ताईला खोटं पाडण्याच्या इरेलाच पेटून तो आपल्या साखळीतल्या एकेकाच्या घरी गेला आणि तिनं सांगितला तोच प्रश्न विचारत सुटला. कुणी उत्तर देण्याऐवजी कपाट उघडलं. कुणी जिन्याखालचा पडदा बाजूला केला. एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला न्हाणीघरात नेलं, तिथं छतापर्यंत साबण रचलेले होते. "पुढच्या महिन्यात नक्की खपेल ना हो?" मास्तरांनी इतक्या आशेनं विचारलं, की धाकट्याला तिथं उभं राहवेना.

एका संध्याकाळी तो ताईच्या दारात येऊन उभा राहिला. शर्टाला इस्त्री नव्हती.

"ताई, सगळीकडे तेच आहे गं..." एवढंच त्याला बोलता आलं.

"आत ये," ताई म्हणाली. "आधी दोन घास खा."

दुसऱ्या दिवसापासून दोघं मिळून घरोघर गेली. कंपनी परत घेईल तो माल परत पाठवायचा, नाव काढून टाकायचं, आणि समोरचा जे बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं. काहींनी दार उघडलं नाही. काही इतकं तोडून बोलले, की ताईनं भावाचा हात घट्ट धरून ठेवला. शिंपीणबाईनं मात्र उंबऱ्यातच थांबवलं.

"मला तुमची माफी नको," ती म्हणाली. "मशीन गेलं ते गेलं. माझ्या बहिणीला जाऊन सांगा, की तिला मी फसवलं नाही... मलाही खरं ठाऊक नव्हतं. तेवढं करा, आणि मला तिथवर तुमच्यासोबत न्या. एकटीनं जायची माझी छाती होत नाही."

बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिघं बसनं गेली. दार उघडल्यावर बहिणीनं शिंपीणबाईकडे पाहिलंच नाही. धाकटा पुढे झाला. भरल्या बैठका गाजवलेल्या त्या माणसाचा आवाज तिथं त्या अरुंद जिन्यात चिरकला. "दोष माझा आहे. यांना मी खोट्या भरवशावर आणलं. माझी बहीण विकते असं सांगितलं, आणि ती विकत नव्हती."

"मी विकत नव्हते," ताई म्हणाली. "आणि बोललेही नाही."

बहीण दारात तशीच उभी राहिली. मग शिंपीणबाईचं मनगट धरून तिनं तिला आत ओढलं आणि दार लोटलं.

धाकटा आणि ताई बाहेर पायरीवर टेकली. आतून आधी भांडणाचा आवाज आला, मग रडण्याचा. मग कुणाचंच काही ऐकू येईना. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे झटकून वाळत घालत होतं.

"तू मला पडू द्यायला हवं होतंस, ताई," धाकटा समोर बघत म्हणाला.

"हो रे... हवं होतं."

"मी उठलो असतो."

"तेव्हा खात्री वाटली नाही," ताई म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे भरून वाहू लागले. "तुझ्यावर विश्वासच ठेवला नाही मी. हीच खरी चूक झाली माझी."

त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दाढीचे खुंट तिला टोचले.

"लिफ्टवाल्यांच्या कारखान्यात विचारून आलोय," तो म्हणाला. "खाली, लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करायच्या खात्यात घेतात म्हणाले. वर जायचं एवढ्यात नाही जमणार मला."

"नको जाऊस वर," ताई म्हणाली.

इतक्यात मागचं दार उघडलं. शिंपीणबाईची बहीण, डोळे पुसत, कपाळावर आठी ठेवूनच म्हणाली, "जिन्यात काय बसलाय दोघं? चहा टाकलाय. आत या... पण आता मला कुणी काही समजावायचं नाही हं!"

"नाही," धाकटा उठत म्हणाला, आणि ताईला उठायला त्यानं हात दिला.