रजेचा अर्ज

झेरॉक्स काढायला आलेला तो माणूस दुकानात तासभर बसून राहिला, कारण लाइट गेली होती. मलकापुरात माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. बाबा गेल्यापासून मी ते एकटीच चालवते आणि वरच्या खोलीत एकटीच राहते. गिऱ्हाइकांशी जेवढं होईल, तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. शिवतेज नाव, जवळच्याच गावचा, फौजेत जवान. सुट्टी दहा दिवस वाढवून हवी होती, अर्ज इंग्रजीत. त्यात ‘बेग’ हा शब्द घालाच, असा त्याचा आग्रह.

मला हसू आलं. त्याला सांगितलं, बेग म्हणजे पदर पसरणं... हातात काहीच नसलेल्याचं मागणं. प्लीड म्हणजे कारणं सांगून विनवणं. एन्ट्रीट म्हणजे अदबीनं, चिकाटीनं केलेलं आर्जव. आणि इम्प्लोर... ते गळा दाटून आल्यावरच. साध्या रजेला रिक्वेस्ट पुष्कळ झालं. कारण काय लिहू?

तो रस्त्याकडे बघत म्हणाला,

“कारणच न्हाई, मॅडम. आई वारली. आता सुट्टीला येतो, घर उघडतो, झाडतो, एकटाच जेवतो... नि कुलूप लावून जातो. यंदा मातर जाऊ वाटंना.”

“यंदाच का?”

“त्या दिवशी लाइट गेली हुती न्हवं... तवापासनं.”

माझे कान तापले. मान वर न करता मी ‘घरगुती अडचण’ असं टाइप केलं.

रजा नामंजूर झाली. बॅग खांद्याला लावून तो ते सांगायला आला, तेव्हा मी शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर हायवेपर्यंत गेले. आठ वर्षं लोकांच्या विनवण्या टाइप केल्या, पण स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं आणि नाही म्हणाले तर? या भीतीपायीच मी एवढी एकटी राहिले होते. पुण्याची एसटी दिसली आणि मला राहवेना.

“लग्नाला रजा देतात का हो?”

“देत्यात की. पर पोरीचं नाव सांगाय लागतं.”

“मग... संयोगिता सांगा. माझंच नाव आहे ते.”

तो एसटीच्या पायरीवरच थांबला. कंडक्टर ओरडला, तरी आत जाईना.

“अर्ज टायपून धाडा,” तो म्हणाला, “सही करतो.”

गाडी गेली. पुढची सुट्टी सहा महिन्यांनी होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले, पण एकटेपणामुळे नाही; आता कुणाची तरी वाट बघायची होती म्हणून.