‘दुपार’मधलं स्टूल

“मशीन जागेवर आहे. स्टूल तेवढं गेलं,” चित्रकर्ती म्हणाली.

खासगी गुप्तहेर असलेल्या ताईंनी मान डोलावली. मदतीला म्हणून त्यांच्याबरोबर हिंडणारा धाकटा भाऊ मात्र कलादालनाच्या मधोमध मांडलेल्या जुन्या शिलाई मशीनकडे बघत राहिला. भोवती फरशीवर चिंध्या आणि खडूचे तुकडे. याला म्हणे कलाकृती! नाव काय, तर ‘दुपार’.

“आमच्या आईचंही असंच होतं,” तो पुटपुटला. “भंगारात दिलं आम्ही.”

“हे माझ्या आईचं. गेल्या वर्षी गेली ती. कॅटलॉगात नुसतं मशीन छापलंय. स्टूल मी उद्घाटनाच्या सकाळी घरून आणून जरा मागे, तिरकं मांडलं.”

“घरी कोण असतं?”

“बाबा. निवृत्त हेडमास्तर. असली थेरं बघायला येणार नाही म्हणाले. आले नाहीत.”

ताई खाली वाकल्या. एकही चिंधी विस्कटलेली नव्हती.

पहिला संशय समीक्षकावर. “स्टूल म्हणजे फाजील हळवेपणा, असं लिहिलंय मी,” तो फणकारला. “पण आज दुपारभर मी यांच्याच शेजारी व्याख्यानाला बसलो होतो.”

चित्रकर्तीने होकार दिला.

पहारेकरी रडकुंडीला आला होता. “जेवायला गेलो, तेवढ्यात झालं. माझी नोकरी जाणार हो! इथे थांबतं कोण? एक आजोबा तेवढे रोज बाकावर बसून असायचे. येताना दिसले, नंतर नाहीत.”

मग तिघं हेडमास्तरांकडे गेली.

“मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही!” ते कडाडले. “स्टूल मागे सरकवून तिरकं ठेवलं, की झाली कला?”

ताईंचा आवाज मऊ झाला. “मास्तर, कुठे ठेवलंत ते?”

चित्रकर्तीने चमकून ताईंकडे पाहिलं.

“चोराने मशीन सोडलं, म्हणजे पैशाचा लोभ नव्हता. चिंधीही हलू दिली नाही, म्हणजे रागही नव्हता. त्या पसाऱ्यावर जीव होता. समीक्षक व्याख्यानाला होते. पहारेकरी स्वतःच्या पोटावर पाय कशाला देईल? आणि कॅटलॉगात नसलेलं स्टूल तिरकं होतं, हे न जाता कसं कळलं तुम्हांला? ते रोजचे आजोबा तुम्हीच.”

हेडमास्तर खाटेवर बसले.

“दूध उतू जाईल म्हणून उठायची ना ती, तस्संच दिसायचं. वाटायचं, आत गेलीय, येईल इतक्यात. संध्याकाळपर्यंत थांबायचो. मग दिवे मालवायचे. सोसेना गं.”

भावाला दालनात नुसतं मशीन दिसलं होतं. उठून गेलेली बाई दिसलीच नव्हती.

“बाबा,” लेक हलकेच म्हणाली, “मला तेच दाखवायचं होतं. राहू दे स्टूल तुमच्याजवळ.”

म्हातारा उठला, खाटेखालून स्टूल ओढून त्याने तिच्या हाती दिलं.

“नको. होतं तसंच मांड. फक्त उद्या माझ्या शेजारी बस. एकट्याने वाट बघवत नाही.”