बेड नंबर सातचं माप

ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. ही माझ्या सख्ख्या मावशीची हकिगत आहे, आणि ती खोटं बोलत नाही. एकदाच बोलली होती. त्याचंच हे सगळं.

मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. वॉर्डात तीस पेशंट आणि दोन सिस्टर.

ज्याला सलाईन चालू, त्याची लघवी दर तासाला मोजायची. नळीला लावलेल्या पिशवीतून मापाच्या जगमध्ये ओतायची, आकडा चार्टवर लिहायचा. त्यावरून किडनीचं काम कळतं, आणि किती सलाईन द्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

असा नियम. प्रत्यक्षात ड्यूटी संपताना सगळ्या जणी एकदमच आकडे ठोकून द्यायच्या.

त्या गुरुवारी बेड सातवर एक म्हातारे शिंपी होते. उलट्यांनी पार सुकून गेलेले, पण जीभ तिखट.

"सिस्टर, माप नीट घ्या हं. नाहीतर कापड वाया जातं!"

मावशी हसली. आणि तिने न बघता सहा वेळा लिहिलं... चाळीस मिली.

पिशवी सकाळपासून कोरडी होती.

चार्ट चांगला दिसत होता, म्हणून सलाईन चालूच राहिलं. पाणी फुप्फुसात चढलं. संध्याकाळी शिंपीकाका गेले.

त्यांच्या मुलीने रडत विचारलं, "लघवी नीट होत होती ना हो बाबांना?"

"हो बाळा. चार्टवर आहे ना."

पुढच्या सोमवारी त्याच बेडवर एक तरुण ड्रायव्हर आला. तोही उलट्यांनी बेजार. या वेळी मावशीने कानाला खडा लावला होता. दर तासाला स्वतः मोजायचं.

दोन वाजता जगमध्ये बरोबर चाळीस.

तीन वाजता... चाळीस.

चार वाजता... चाळीस. अगदी रेघेवर.

तिने जग बदलला. तरी चाळीसच!

ती जग घेऊन मोरीत गेली आणि ओतला...

आवाजच आला नाही.

जग रिकामा झाला होता. मोरी मात्र कोरडी ठणठणीत.

वॉर्डात परतली, तर ड्रायव्हरच्या श्वासातून बुडबुड ऐकू येत होती. तिने त्याच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. धावत वजनकाटा आणला. भरती झाला तेव्हापेक्षा साडेतीन किलो जास्त.

डॉक्टर वैतागले. "चार्टवर तर चाळीस आहे!"

आता गप्प बसली असती तर तिची नोकरी शाबूत होती. ड्रायव्हर मात्र गेला असता.

"चार्ट खोटा आहे, सर. गुरुवारचाही खोटा होता. तो मीच लिहिला होता."

डॉक्टरांनी स्वतः पिशवी उचलली. आत थेंबही नव्हता... कधी पडल्याची खूणही नव्हती.

सलाईन बंद झालं, डायलिसिस झालं. ड्रायव्हर वाचला.

तो सावरल्यावर डॉक्टर मावशीला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुवारचं कुठे बोलू नका. त्यावर माझीही सही आहे."

ती नाही बोलली. इतकी सोय कोणाला नको असते?

तीन तास तिने जगमध्ये काय मोजलं, ते तिला माहीत नाही. मलाही सुचत नाही.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे होते. फोन वाजला. शिंपीकाकांची मुलगी. दर वर्षी वडील गेले त्या तारखेला न चुकता करते.

स्पीकर चालू होता. "सिस्टर, शेवटच्या दिवशी तुम्ही बाबांचं इतकं केलंत. मी विसरणार नाही."

मावशीचे ओठ हलले. मला वाटलं, आज सांगते.

"हो बाळा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "मावशी, त्या म्हाताऱ्याची भीती वाटते का गं अजून?"

"त्याची कसली भीती? त्याने एकाचा जीव वाचवला. मला या पोरीच्या फोनची भीती वाटते."