अन्नपूर्णेचे एक्केचाळीस सेकंद

लाइट गेली की हॉस्टेलची पोरं शेषरावांच्या खोलीपुढच्या ओट्यावर येऊन बसायची. शेषराव खामगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली सांभाळत. चपला बाहेर काढल्याशिवाय प्राचार्यांनाही ते आत सोडत नसत. त्या रात्री कचरूनं त्यांना डिवचलं, "काका, तुमच्या मशीनीत भूतबित नाही ना?"

शेषराव एरवी हसले असते. त्या रात्री हसले नाहीत.

"मशीनीत नाही बे. पन इथून एक कॅसेट गेलती वरवट बकाल गावाले. दोन पोळे झाले त्याले. निवृत्ती म्हनून हाय, माह्या वळखीचा. अर्धं त्यानं सांगितलं, अर्धं म्या ह्या डोयानं पाह्यलं."

त्यांनी सांगितलं ते असं.

सत्त्याऐंशी सालच्या पोळ्याला सकाळीच निवृत्ती खामगावला उतरला. काम साधं होतं. पुण्याहून आणलेली फ्लॉपी इथल्या मशीनवर चालवायची, त्यातून निघेल तो आवाज कॅसेटवर भरायचा आणि दुपारच्या यष्टीनं घरी जायचं. कॉलेजला सुटी होती, पण शेषरावांनी त्याच्यासाठी खोली उघडली. बायको मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

निवृत्ती पुण्याला एका प्रयोगशाळेत होता. माणसाचं बोलणं लहान करायचं, हे त्याचं काम. नदीला पूर आला, तारा तुटल्या, तरी एखाद्या गावाचं बोलणं किडमिड्या वायरलेसवरून पलीकडं पोचावं म्हणून. आईला त्यानं ते एकदा तिच्या भाषेत समजावलं होतं. पुरणपोळी पाठवायची नाही, तिची कृती लिहून पाठवायची; ज्याला पाहिजे तो तिकडं करून घेईल. तसा तो एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास तुकडे करी आणि प्रत्येक तुकड्याची कृती सहा आकड्यांत लिही. सगळं सी भाषेत. पुण्याच्या मोठ्या मशीनवर चाललं ते खेड्यातल्या छोट्या मशीनवरही तसंच चाललं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

"आन् चव?" आईनं, कौसल्याबाईनं, विचारलं होतं.

"चव येते ना. सगळं येते त्याच्यात."

त्या भरवशावरच तर त्यानं ते केलं.

शहाऐंशीच्या पोळ्याला, पिठोरी अमावस्येच्या संध्याकाळी, त्याची बायको अन्नपूर्णा लेकीसाठी वाण घेऊन बसली होती. खीरपुरीचं ताट खांद्यावरून मागं धरायचं, मागं न बघता विचारायचं, "अतीत कोण?" म्हणजे दारी पाहुणा कोण आलाय. मागं बसलेल्या लेकरानं "मी" म्हणायचं आणि ताट घ्यायचं. असं तीनदा. लेक मनकर्णा, घरच्यांची मनू, तेव्हा दहा महिन्यांची होती, तिच्या वतीनं निवृत्तीच "मी" म्हणाला. हे सगळं त्यानं टेप केलं. त्याला चाचणीसाठी बाईमाणसाचा आवाज हवाच होता. पुण्याला जाऊन त्यानं त्या एक्केचाळीस सेकंदांची कृती लिहिली. स्वतःचा "मी" तीनही ठिकाणी काढून टाकला, तिथं शून्यं भरली. आणि कॅसेटवर दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं भरलं. कॅसेट मोजक्या होत्या. शिवाय सगळं आलं होतं ना त्याच्यात!

संक्रांतीच्या आधी काविळीनं अन्नपूर्णा गेली.

मनू तेव्हा "आई", "बाबा", "मंमं" म्हणायला लागली होती. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं. रडायची तीही आवाज न करता. कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले. सात महिने झाले. तिच्या पायातल्या वाळ्यांवरून ती कुठं आहे ते कळायचं, तेवढंच.

"पोळ्याले तिच्या मायनंच इचारलं पाह्यजे," कौसल्याबाईनं पत्रात लिहवून घेतलं होतं. "तू म्हनत व्हता सगळं हाय म्हनून. तं घेऊन ये."

म्हणून तो आला होता.

दुपारी पहिल्यांदा प्रोग्राम चालवला तेव्हा स्पीकरमधून नुसती किंचाळी निघाली. शेषराव दचकून उभेच राहिले. निवृत्तीनं कपाळाला हात लावला. पुण्याच्या मशीनवर आकड्याचा डबा मोठा, इथला अर्धा. गुणाकार झाला की आकडा उतू जात होता. एकेक ओळ तपासत त्यानं लहान डबे काढले, मोठे ठेवले. यष्टी गेली. साडेपाचला आवाज निघाला. त्यानं तो कॅसेटवर भरला आणि शेषरावांकडं न बघता विचारलं, "कसा वाटते?"

"शब्द कयतात," शेषराव म्हणाले. आणि ते स्पीकरची वायर गुंडाळायला लागले. निवृत्तीनं कॅसेट पिशवीत टाकली.

वरवट बकालला घरी पोचायला नऊ वाजले. गावात लाइट नव्हती. बैल केव्हाच पुजून झाले होते. कौसल्याबाई ताटावर पदर टाकून बसली होती, मनू तिच्या मांडीवर जागीच.

नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी मांडामांड केली. अन्नपूर्णेच्या पाटावर सेलवरचा टेपरेकॉर्डर, भिंतीकडं तोंड करून. शेजारी कौसल्याबाई, खांद्यावरून ताट मागं धरून. मागं मनू. निवृत्ती बटणापाशी, त्याचीही पाठ खोलीला. मनूच्या मागं अंगणाचं दार उघडं.

"मांगं पाहू नको," कौसल्याबाई म्हणाली. "पाहत नसतात."

त्यानं बटण दाबलं.

"अ-तीत-कोण."

पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तसा आवाज. शब्द अगदी स्वच्छ. माणूस कुठंच नाही.

मनूचे वाळे हललेसुद्धा नाहीत.

"हे कोन व्हय रे?" कौसल्याबाई पुटपुटली.

"अन्नपूर्णा हाय, माय."

"नोहे."

"तिचाच आवाज..."

"म्या तिच्यासंगं चार वर्सं चूल फुकली. हे ते नोहे, लेका."

"अ-तीत-कोण."

पुन्हा काही नाही. फक्त टेपची खरखर. ती हसायच्या आधी थोडी थांबायची, ते यात नव्हतं. वाक्य संपताना आवाज खाली यायचा, तेही नव्हतं. बिनकामाचं म्हणून त्यानं जे जे काढून टाकलं, तीच ती होती. आणि ते काढून टाकणारा हात त्याचाच. सात महिने लेकरू आईची वाट बघत होतं, आणि त्यानं तिच्यापुढं हा डबा आणून ठेवला होता.

बंद करावं म्हणून त्यानं बोट पुढं केलं.

"अ-तीत-कोण."

बोट तसंच राहिलं.

खरखर.

दिव्याची वात सरळ.

आणि मागून... दाराकडून...

"मी."

डब्यातून नाही. भुंगा नाही. पाण्याची घागर घेऊन अंगण चढून आलेल्या बाईला लागते तशी थोडी धाप. शेवटाला खाली आलेला आवाज.

निवृत्तीची मान वळेना. कौसल्याबाईच्या ताटात वाटी वाजत होती. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मागं कुणीच पाहिलं नाही.

मग वाळे वाजले.

"आई."

सात महिन्यांनी.

"आई... आई..."

वाळे दाराकडं धावले. उंबऱ्यापाशी थांबले.

मग... काहीच नाही.

निवृत्ती वळला तेव्हा मनू उंबऱ्यावर एकटी उभी होती. एक हात वर, कुणी बोट धरायला द्यावं तसा. पुढं अमावस्येचा अंधार. तो हात बराच वेळ वर होता. मग हळूहळू खाली आला.

शेषराव थांबले. ओट्यावरची पोरं पुढं सरकली.

"मंग?" कचरूनं हळूच विचारलं.

"मंग काय... पोरगी आता इतकी बोलते की बुढी म्हनते, जरा चूप बस. पन..."

तिसऱ्या दिवशी निवृत्ती पुन्हा खामगावला आला होता. पोळ्याच्या रात्रीच त्यानं कॅसेट मागं घेऊन लावली होती, तर तिच्यावर नुसती खरखर होती. मशीनचाही आवाज नव्हता. शेषरावांनी खोली उघडली. फ्लॉपीतली फाइल जागेवर होती, तारीख तीच, बारा हजार तीनशे बाइट तेवढ्याच. त्यानं आकडे कागदावर छापायला घेतले. प्रिंटर करकरत राहिला. शून्य. शून्य. शून्य. पानंच्या पानं.

"म्हंजे तो डबाबी गेला," निवृत्ती म्हणाला. खुर्चीवर वाकून तो रडला, तेव्हा शेषरावांनी पंखा मोठा केला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

कागद गुंडाळताना शेषरावांनाच ते दिसलं. शेवटच्या पानावर, तिसऱ्या प्रश्नानंतर, जिथं निवृत्तीनं स्वतःचा आवाज काढून शून्यं भरली होती, तिथं सहा आकडे होते. शून्य नसलेले. एका तुकड्याची कृती.

निवृत्तीनं त्या आकड्यांवर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"वाजवून पाह्यलं, काका?" कचरूनं विचारलं.

"म्या म्हनलं त्याले. तं म्हने, वाजवलं तं मशीनच बोलन."

"किती असन ते?"

"सेकंदाचा पन्नासावा हिस्सा," शेषराव म्हणाले. "तेवढ्यात मानूस 'मी'बी म्हनू शकत नाही."